चवीचे ऋण

मोठे प्रश्न मोठ्या प्रसंगीच सुचतात असा एक समज आहे. आमचा अनुभव मात्र निराळा आहे. ज्या प्रश्नाने गेले काही महिने आमची पाठ सोडलेली नाही, तो आम्हांस स्वयंपाकघरात, तापलेल्या कढईसमोर, हातात झारा असताना विचारला गेला. आणि विचारणारी व्यक्ती आमची आई होती.

दिवाळीनंतर आई वाईहून आमच्याकडे कलकत्त्यास आली. शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले खरे. पण आमच्या मराठी तोंडातून कलकत्ता अजून जात नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कारकून आहोत. तीन वर्षांपूर्वी बदलीचा हुकूम हाती पडला आणि आमचा संसार सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत येऊन विसावला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना या दोन खोल्या ठाऊक असतील. शहरे बदलतात, खोल्या त्याच राहतात. येथे रविवारी सकाळचा स्वयंपाक आमच्याकडे असतो, व सौभाग्यवतीस तेवढी विश्रांती मिळते. मुलांच्या हट्टापायी गेल्या दोन वर्षांत आम्ही चाऊमीन करावयास शिकलो आहोत.

पदार्थ दिसावयास सोपा. परंतु पहिल्या काही खेपांस आमच्या हातून त्याचा नुसता गिचका झाला. चूक कोठे होते ते सांगून ठेवतो, म्हणजे ज्यांस करून पाहावयाचा असेल त्यांचा वेळ वाचेल. ते लांब तंतू उकळत्या पाण्यातून किंचित कच्चे असतानाच काढावे लागतात, कारण त्यांचे उरलेले शिजणे कढईत व्हावयाचे असते. काढल्यावर लगेच गार पाणी ओतावे, चांगले निथळू द्यावे, आणि तेलाचा हात लावून परातीत पसरावे. ओले तंतू कढईत गेले की त्यांचा गोळा झालाच म्हणून समजावे. कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची ही एकसारखी बारीक व लांबट चिरलेली हवीत. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवावी आणि एका वेळी दोन माणसांपुरताच ऐवज तीत टाकावा. हॉटेलातील भट्टीची आच घरच्या गॅसला नसते. पाच जणांचे एकदम घातले की कढई निवते, भाज्यांना पाणी सुटते, आणि जे परतावयाचे ते उकडू लागते. सोया सॉस अगदी शेवटी, कढईच्या कडेकडेने सोडावा. वर व्हिनेगरचे चार थेंब आणि कांद्याची पात.

आई दाराशी बसून हे सारे पाहत होती. तिने परातीतला एक तंतू उचलला, दोन बोटांत धरून ताणून पाहिला आणि म्हणाली, “अरे, या तर शेवयाच!” उन्हाळ्यात वाड्याच्या माळवदावर पीठ तिंबून, ताणून, काठीवर शेवया वाळत घालण्यात जिची पन्नास वर्षे गेली, तिच्या बोटांना ओळख पटावयास वेळ लागला नाही. मग ती म्हणाली, “शेवया कळल्या. तिखटात आणि त्या काळ्या पाण्यात घालतात याचं नवल. पण कुणाचं रे हे खाणं?”

आम्ही हसून म्हटले, “चिन्यांचं.”

“कोण ते? तुझ्या ओळखीचं आहे का कुणी त्यांच्यातलं?”

ओळखीचे कोणी नव्हते. तीन वर्षे आम्ही या शहरात राहत होतो, दर रविवारी एका समाजाची चव जिभेवर घोळवीत होतो, आणि त्या समाजातील एकाही माणसाचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही स्वतःची समजूत एका युक्तिवादाने घातली. अन्न कोणाचे, हा प्रश्नच मुळी गैरलागू आहे असे आम्ही ठरविले. ‘चाऊमीन’ या शब्दातील पहिल्या पदाचा अर्थ परतणे, दुसऱ्याचा अर्थ कणकेचे तंतू. अर्थात ‘परतलेल्या शेवया’ एवढेच त्या नावाचे मराठी होय. चीनमधील लाच्या या ठिकाणी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, बाजरीच्या जातीच्या धान्याच्या अशा तंतूंचा वाडगा उत्खननात सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वंशवैभव नाकारण्याचे कारण नाही. परंतु मालकीची भाषा एकदा सुरू केली की ती आपल्याच घरावर उलटते. आपल्या एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही दक्षिण व मध्य अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांनी आणून दिला. ज्या खिचडीने आपला उपवास शुद्ध राहतो, तिच्यात मिठाखेरीज आणि तुपाखेरीज आपले म्हणावे असे फारसे काही उरत नाही. उलटपक्षी, कलकत्त्याच्या पदपथावरील चाऊमीनमध्ये हिरवी मिरची, टोमॅटोचा सॉस, वर कांद्याच्या आणि काकडीच्या चकत्या. आणि आपल्या गावोगावच्या लाल गाड्यांवर तर ‘चायनीज भेळ’ नावाचा प्रकार मिळतो, जो चीनमध्ये कोणी ओळखणार नाही. तेव्हा अन्न हे वाहते पाणी आहे. ज्याच्या ओंजळीत आले त्याचे.

हा युक्तिवाद आम्हांस संपूर्ण पटला, आणि तरीही झोप आली नाही. कारण आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तरच नव्हते.

पुढल्या रविवारी पहाटे आम्ही टेरिटी बाजारात गेलो. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून हा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. व्हेनिसहून आलेल्या एडवर्ड टिरेटा या गृहस्थाच्या नावावरून बाजारास हे नाव पडले. रविवारी उजाडता उजाडता येथे चिनी न्याहारीचे पदार्थ रस्त्याच्या कडेला मांडले जातात आणि ऊन चढण्यापूर्वी सारे आटोपते. या समाजाचा या भागातील इतिहास अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातो. वॉरेन हेस्टिंग्जच्या अमदानीत बजबजजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढणाऱ्या एका चिनी उद्योजकाच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे कँटनकडील लोक सुतारकामात नावाजले, हाक्का लोकांनी जोडे आणि कातडी कमाविण्याचा धंदा धरला, हुपेई प्रांतातले काही लोक दंतवैद्य झाले. टांगऱ्याच्या ज्या भागात आज लोक जेवावयास जातात, तेथे कातड्याचे कारखाने होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला आणि कित्येक कुटुंबांना भट्टी सोडून कढईचाच आधार राहिला. त्याच टांगऱ्यात चिनी लोकांनी चालविलेले कालीमातेचे एक देऊळ आहे, आणि तेथे देवीला चाऊमीनचा नैवेद्य दाखवितात.

आईसाठी बिनअंड्याच्या शेवया हव्या होत्या. एका वृद्ध बाईंपाशी आम्ही तशी चौकशी केली. वय सत्तरीचे असावे. हिंदी आणि बंगाली दोन्ही अस्खलित. गिऱ्हाईके त्यांना आंटी म्हणत होती, म्हणून आम्हीही तसेच म्हटले. आई अंडे खात नाही हे ऐकून त्यांना मौज वाटली. त्यांची आईही चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कडक शाकाहार पाळीत असे. आम्ही एकादशीविषयी सांगितले. त्यांनी शेवया कशा धुवाव्यात, किती वेळ पसरून ठेवाव्यात हे सांगितले. आमची कृती ऐकून, तेल कमी घालता, असा शेराही मारला. मग सहज विचारले, “बाबू, नोकरी कुठे?”

आम्ही म्हणालो, “केंद्र सरकारात.”

पुडी बांधणारा हात क्षणभर थांबला. तो पुन्हा चालू झाला आणि त्यांनी खाली पाहतच सांगितले की, केंद्र सरकारचे अन्न त्यांनीही चार वर्षे खाल्ले आहे, देवलीला.

देवली म्हटले की आपल्या मनात वर्ध्याजवळची देवळी येते. ही देवली राजस्थानातील. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २० तारखेस चीनशी युद्ध सुरू झाले. २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. महिनाभराचे ते युद्ध, आणि त्यातला आपला पराभव, आपण शाळेत शिकलो. आपण जे शिकलो नाही ते असे की, त्या काळात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग आणि इतर ठिकाणांहून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून देवलीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांत म्हातारे होते, बायका होत्या, तान्ही मुले होती. या देशाखेरीज दुसरा देश न पाहिलेले लोक होते. त्यांच्यापैकी कित्येकांना चीनमध्ये धाडण्यात आले. काही जण छावणीत १९६७ पर्यंत राहिले. सुटून आले तेव्हा अनेकांची घरे-दुकाने हातची गेलेली होती. वरच्या आसामातील माकुम गावच्या अशा कुटुंबांवर रीता चौधरी यांनी ‘माकाम’ ही असमिया कादंबरी २०१० साली प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळांना हे प्रथम कळले.

आंटी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. वडिलांचे शिलाँगमध्ये जोड्यांचे दुकान होते. पोलीस संध्याकाळी आले. थोडेच सामान घ्या म्हणाले. आईने वाळत घातलेल्या शेवया काठीवर तशाच राहिल्या. गाडीत लहानगी आंटी त्या शेवयांसाठी रडत होती, कारण रात्री पाऊस आला तर त्या भिजतील असे तिला वाटत होते. एवढे सांगून त्यांनी पुडी आमच्या हाती दिली, पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

वाचकहो, आपण सरकारी माणसे आहोत, म्हणून येथे एक गोष्ट आपणांपाशी बोलावीशी वाटते. बाहेरच्यांपाशी ती बोलता येणार नाही. आपल्या राज्यकारभारात यादीवाचून काही घडत नाही. तीन हजार माणसे आगगाडीत बसविली गेली याचा अर्थ कोणीतरी तीन हजार नावे कागदावर उतरविली. मंत्र्यांनी उतरविली नसतील, वरिष्ठांनीही नसतील. आमच्यासारख्या एखाद्या कारकुनाने, बहुधा उशिरापर्यंत बसून, कार्बन घालून, तीन प्रतींत टंकलिखित केली असतील. त्याच्या हाताशी कायदा होता: भारत संरक्षण कायदा होता, आणि ज्याचे आईबाप अथवा आजा-आजी शत्रुदेशाचे नागरिक असतील त्याला परकीय मानता येईल अशी १९६२ सालचीच एक तरतूद होती. त्याने एकही नियम मोडला नसेल. कदाचित काम संपवून घरी जाताना त्याने एखाद्या चिनी हॉटेलात गरम चाऊमीनही खाल्ले असेल. त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही; आणि तरीही आम्ही त्याला फार चांगले ओळखतो. त्याची खुर्ची आम्ही चालवितो.

यावर जो आक्षेप येईल तो आम्हीच आमच्याविरुद्ध घेऊन पाहिला आहे. युद्ध पेटले असता राज्याने सावध राहू नये काय? सीमेवर जवान थंडीत मरत असताना आतल्या धोक्याची शंका घेणे हा गुन्हा आहे काय? नाही. शंका घेणे राज्याचे कामच आहे, आणि त्या दिवसांतली भीती खोटी नव्हती. परंतु शंका माणसावर घ्यावयाची असते. आजोबांवर घ्यावयाची नसते. एखाद्याने काय केले हे पाहून त्याला पकडणे हा न्यायाचा मार्ग आहे. तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून पकडणे हा निव्वळ यादीचा मार्ग आहे, आणि त्यात सात वर्षांची मुलगी सापडते. १९४६ साली शांतारामबापूंचा डॉ. कोटणिसांवरील चित्रपट पाहून ज्या देशाने डोळे पुसले, त्याच देशात सोळा वर्षांनी हे घडले. आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले, तेथील जखमींची शुश्रूषा करीत राहिले, तेथील मुलीशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. दूरच्या माणसावर प्रेम केल्याचा अभिमान आपण बाळगला. शेजारच्या माणसाची ओळख करून घेणे मात्र राहून गेले.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे, म्हणून अधिक अवघड आहे. प्रत्येक घासाबरोबर इतिहास गिळावयाचा म्हटले तर जेवावे कसे? साखरेच्या दाण्यात गुलामांचा घाम आहे, चहाच्या घोटात मळ्यांतील मजुरांचे दुःख आहे. मग मनुष्याने पाणीच प्यावे काय? सौभाग्यवतीने हाच प्रश्न केला. तिचे म्हणणे असे की, मुलांना जेवताना देवली सांगू नये. त्यांना तेवढा आनंद असू द्यावा. चाऊमीन करणे सोडून द्यावे असे आम्हांस एकदा वाटले होते, तेही तिने हसण्यावारी नेले. ती म्हणाली, “तुम्ही सोडलंत तर त्या आंटींची एक पुडी कमी खपेल. याला प्रायश्चित्त म्हणता?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आता वाटते की उत्तर नव्हते हेच योग्य होते. त्यागाने ऋण फिटते ते ज्याला ऋण नको असते त्याच्या मनात. सावकाराच्या वहीत ते तसेच राहते.

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्य ऋणे घेऊनच जन्माला येतो असे म्हटले आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथेही एक सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आणि माणसांना आसरा व अन्न दिल्याने ते फिटते असे तेथे म्हटले आहे. आम्ही विचार करू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आम्ही ही उतरंड उलटी करून टाकली आहे. ज्यांना आसरा द्यावयाचा त्यांचा आसरा एका रात्रीत काढून घेतला, आणि अन्न त्यांचेच आपण खात राहिलो. त्या लोकांपैकी बरेच जण पुढे कॅनडास निघून गेले. त्यांची मागणी मोठी नव्हती. झाले ते चुकीचे होते, असे या देशाने एकदा म्हणावे, एवढीच ती मागणी होती. ते म्हणणे आमच्यासारख्या कारकुनाच्या सहीने व्हावयाचे नाही. मग आमच्या हाती काय राहते?

येथे आम्हांस आईचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि या वेळी त्यातील एक शब्द नीट ऐकू आला. “कुणाचं रे हे खाणं?” आम्ही त्या ‘कुणाचं’चा अर्थ मालकी असा घेतला आणि साबुदाण्याचा वंशवृक्ष काढीत बसलो. परंतु वाईच्या गल्लीत एखादे अनोळखी पोर दिसले की आई त्याला विचारते, “कुणाचा रे तू?” त्या पोरावर कोणाची मालकी आहे हे तिला जाणून घ्यावयाचे नसते. त्याचे घर कोणते, त्याची आई कोण, ते रडू लागले तर त्याला कोठे नेऊन सोडावयाचे, हे तिला हवे असते. आपल्या भाषेत मालकीला आणि नात्याला प्रत्यय एकच आहे. अन्नावर मालकी कोणाचीही नसेल. नाते मात्र असते, आणि ते विचारल्यावाचून कळत नाही. जो चव घेतो आणि हा प्रश्न विचारीत नाही, तो चोर नव्हे. पण पाहुणाही नव्हे. आणि यादी करणारा तो कारकून एवढाच प्रश्न विचारावयाचा विसरला होता. त्याने ‘कुणाचा’ हे आजोबांपर्यंत शोधून काढले, परंतु ते आईने विचारावे तसे विचारले नाही.

आमच्या टेबलावरही याद्या येतात. नावे, वडिलांची नावे, जन्मस्थाने. अलीकडे एखादे नाव टंकलिखित करताना आमचा हात किंचित मंदावतो, आणि एखादी नोंद संशयास्पद म्हणून पुढे ढकलण्यापूर्वी आम्ही मूळ कागद पुन्हा काढून पाहतो. यामुळे कामास विलंब होतो. वरिष्ठांनी तसे एकदा बोलूनही दाखविले. हे काही मोठे शौर्य आहे असे आम्ही समजत नाही. परंतु ऋणाचे व्याज म्हणून सध्या आमच्याच्याने एवढेच जमते.

आई माघ महिन्यात परत गेली. जाण्यापूर्वीच्या रविवारी तिने आपल्या ट्रंकेतून वाईहून आणलेल्या शेवयांचा डबा काढला, त्यातील अर्ध्या एका पुडीत बांधल्या आणि आमच्याबरोबर टेरिटी बाजारात यावयास निघाली. बाजारातील वास तिला सोसला नाही. पदर नाकाशी धरूनच ती उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आंटींनी पुडी सोडली, एक शेवई उचलली, दोन बोटांत धरून ती मोडते कशी ते पाहिले, आणि आम्हांस विचारले, “किती दिवस वाळवल्या?”

आम्ही आईला विचारले. आई म्हणाली, “दोन दिवस. पण तिला सांग, तिसऱ्या दिवशी पाऊस येईलसा वाटला, म्हणून घाईनं आत घेतल्या.”

आम्ही ते सांगितले. आंटींनी मान हलविली आणि पुडी गल्ल्याशेजारी, आपल्या पिशवीत ठेवली. आमच्या शेवयांचे पैसे त्यांनी त्या दिवशीही मोजून घेतले.